माप

अकरा वाक्यं लिहिली होती मी.
मानधन आधीच घेतलेलं,
त्यात पंखा दुरुस्त झाला आणि चष्म्याची काडी.
मल्हारगंजातलं शिंप्याचं दुकान, सकाळचे सात.
शाल्मली म्हणाली, यातली काही काढते हं,
आणि पेन्सिलीनं, अजिबात न रागावता,
आठांवर रेघा मारल्या.

पोह्यांवर जिरावन भुरभुरत मी विचारलं,
मग बाप पोराशी बोलणार कशानं?
नऊ वर्षांनी उभा राहतोय तो समोर.
ती म्हणाली, शिंपी आहे ना तो?

मांडवगणे खरेच शिंपी.
नाटकात कधी पडदासुद्धा ओढलेला नाही.
रात्रभर जागून पाठ करून आले होते सगळं,
बायकोला मुलगा करून.
बोलायचं नाहीये हे सांगायला
मलाच पाठवलं.
त्यांना हायसं वाटलं. मला नाही.

गल्लीत कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत.
एरवी थांबलो असतो, ती वळेपर्यंत.
आज इद्रीसनं कॅमेरा चालूच ठेवला.
बजने दे भिया, म्हणाला, सुनना किसको है.

मुलगा दारात, उन्हाला पाठ करून.
सावली त्याच्याआधी आत येते,
कापडाच्या ठाणांवर चढते,
मशीनच्या चाकावर जराशी मोडते.
बापाचा पाय पायडलवर थांबतो.
चाक मात्र आणखी दोन फेरे घेतं.

(हे मला सुचलं नसतं.
मी लिहिलं होतं, "कधी आलास?")

मग तो उठतो, गळ्यातली टेप काढतो.
मुलगा आपोआप काखा मोकळ्या करतो,
दर दिवाळीआधी करायचा तसा.
टेप पाठीमागून घ्यायची तर
दोन्ही हात भोवती जातात,
जावेच लागतात,
छाती मोजायची दुसरी रीत नाही.
कपाळ खांद्यापासून दोन बोटांवर.
आणि तिथंच थांबले मांडवगणे.
कुणी सांगितलं नव्हतं.
शाल्मली कट म्हणेना,
इद्रीस श्वास घेईना,
माझ्या हातातल्या कागदात पोहे गार.

शिंपी एकदाच मोजतो.
हा टेप सैल करतो आणि पुन्हा मोजतो.
मग खालच्या फळीवरून एक जुनी वही काढतो,
धूळ बाहीनं पुसतो, पान शोधत नाही,
पान आपसूक उघडतं.
जुना आकडा अडतीस. टेपवर चौतीस.
तो लिहितो छत्तीस.

आकडे म्हणजे बोलणंच की, मी शाल्मलीला म्हटलं,
जरा खुन्नस म्हणूनच.
ती हसली. आकडे ठेवले.

उरलेली तीन वाक्यं पलासियाच्या खोलीत गेली,
एडिटिंग करताना, एकेका रात्री एकेक,
दुधाचे दात जातात तशी.
शेवटच्या पाटीवर माझं नाव राहिलं,
संवादाच्या पुढं. तो तिचा चांगुलपणा.

साउथ तुकोगंजात दाखवली.
साठ खुर्च्या, चाळीस माणसं,
त्यातली सहा मांडवगण्यांच्या घरची.
वहीचं पान आलं तेव्हा
पुढच्या रांगेतल्या, ओळखीच्या नसलेल्या एक बाई
शेजारणीकडं किंचित कलल्या :
"बारीक झालाय गं पोरगा."

चौथं वाक्य. माझं.
फक्त मी "झालास रे" लिहिलं होतं.
त्या कागदावर रेघेखालून अजून वाचता येतं.

शेजारी मांडवगणे.
पडद्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.
अंधारात माझ्या बुशशर्टाच्या खांद्यावर
एक बोट फिरवून बघत होते,
जिथं शिवण उसवली होती.